गाडीत सॅटेलाइट रेडिओ : जळगाव-धुळेकरांनी पैसे मोजावेत का?

नव्या गाडीच्या स्क्रीनवर गाणी-बातम्यांचे पॅक दिसले की अनेकांना तो सॅटेलाइट रेडिओच वाटतो. प्रत्यक्षात तशी सशुल्क सेवा आज भारतात नाही. अमेरिका-कॅनडातील सिरियसएक्सएम इथे चालत नाही. आपल्याकडे विकले जाते ते मोबाइल नेटवरचे अॅप. टॉवरची रेंज गेली की गाणेही अडखळते.

खरी सॅटेलाइट सेवा भारताने पाहिली ती 'वर्ल्डस्पेस'ची. २००० मध्ये सोडलेल्या एशियास्टार उपग्रहावरून ती यायची; जाहिरातीत ए. आर. रहमान होते. पण अँटेना उपग्रहाच्या दिशेने लावून ठेवावा लागे, त्यामुळे ती घरातच रमली, धावत्या गाडीत नाही. अमेरिकेतील मूळ कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा संपली. हौसेने घेतलेले रिसीव्हर शोभेचे डबे झाले. वर्षाचे पैसे एकदम भरण्यातला धोका तो हाच.

जळगाव-धुळे रस्ता सुमारे ९० किलोमीटरचा. दोन्ही टोकांना आकाशवाणीची केंद्रे आहेत, तीही फुकट. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. केंद्रापासून लांब, पारोळा-एरंडोलच्या टप्प्यात खरखर आली तर नवल नाही. तेवढ्यासाठी वर्षाचे पॅक कशाला? रोज ये-जा असेल तर महिन्याचे घ्यावे, तेही घरच्या वायफायवर गाणी आधीच उतरवून घेता येत असतील तरच. शोरूममध्ये एक मात्र विचारावे : गाडीतल्या नेटची मोफत मुदत संपल्यावर वर्षाला किती?