परीक्षेच्या तोंडावर नवं पुस्तक

परीक्षेच्या तोंडावर नवं पुस्तक विकत घेऊ नये असं माझं जुनं मत आहे. गेल्या दोन आठवड्यांत ते आणखी पक्कं झालंय, कारण उदाहरण घरातच आहे. माझी भाची दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी या पदाच्या पूर्वपरीक्षेला बसतेय. आम्ही वकील मंडळी हिला नुसतं 'जेएमएफसी' म्हणतो. नात्यातल्या बऱ्याच जणांना एमपीएससी म्हटलं की तहसीलदारच आठवतो, म्हणून सांगून टाकतो, ही परीक्षा वेगळी. फक्त ती घेतो तोच आयोग. आधी १०० गुणांची वस्तुनिष्ठ पूर्वपरीक्षा, चुकीच्या उत्तराला गुण कापणारी. ती नुसती चाळणी, तिचे गुण पुढे धरत नाहीत. मग मुख्य परीक्षेत शंभर-शंभरचे दोन पेपर, एक दिवाणीचा आणि एक फौजदारीचा, आणि शेवटी ५० गुणांची मुलाखत.

तर पंधरा दिवस उरलेत आणि टेबलावर काय? तीन वेगवेगळ्या क्लासच्या झेरॉक्स नोट्स, एक 'संभाव्य प्रश्न' म्हणून छापलेलं जाडजूड पुस्तक आणि भिंतीवर चिकटवलेला तक्ता. डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं. ३०२ म्हणजे १०३, ४२० म्हणजे ३१८, जुन्या संहितेतला एफआयआरचा १५४ म्हणजे आता १७३. मोबाईलवर तोच तक्ता चार वेळा वेगवेगळ्या लोकांनी पाठवलेला.

माझं भांडण आहे ते या तक्त्याशी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, त्यामुळे तक्त्याची गरज कुणालाही वाटणारच. मलाही कोर्टात अधूनमधून बघावा लागतो. पण तक्ता पाठ केला की डोक्यात एक समजूत पक्की बसते, की फक्त आकडा बदललाय, मजकूर तोच आहे. आणि तिथेच घात होतो. निष्काळजीपणाने मृत्यू, जुनं ३०४-अ. तक्ता सांगतो १०६(१). बरोबर आहे. पण जुन्या कलमात जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं होती, नव्यात पाच, आणि नोंदणीकृत डॉक्टरांसाठी दोनच. हे तक्ता सांगत नाही. खुनाचं ३०२ म्हणजे १०३, ठीक. पण १०३ ला दुसरं पोटकलम आहे, पाच किंवा जास्त जणांच्या जमावाने जात, भाषा, जन्मस्थान वगैरे कारणांवरून केलेल्या खुनाचं. त्यासमोर डावीकडे लिहायला काही नाहीच!

सगळ्यात मोठं उदाहरण रिमांडचं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १६७ म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं १८७. पूर्वी पोलीस कोठडी मिळायची ती पहिल्या पंधरा दिवसांतच. आता एकूण पंधरा दिवसच, पण ते सलग किंवा तुकड्या-तुकड्यांनी, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत कधीही मागता येतात. एका ओळीचा फरक. पण ती ओळ कुणाच्या तरी अंगावर येणारी आहे.

आणि म्हणूनच मी हे पोटतिडकीने लिहितोय. भाची निवडली गेली तर प्रशिक्षण संपवून कुठल्यातरी तालुक्याला बसेल. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पोलीस एखाद्याला घेऊन तिच्यासमोर उभे राहतील, कारण चोवीस तासांच्या आत हजर करायचं बंधन आहे. तिच्या हातात रिमांड रिपोर्ट, समोर घाबरलेला माणूस, बाहेर त्याची बायको आणि विचार करायला पंधरा-वीस मिनिटं. तिथे तक्ता कामाला येत नाही. घाईत असतानाही कलम शब्द न शब्द वाचायची सवय असेल तर ती येते. लोक शेवटच्या दिवसांच्या तयारीला 'रट्टा' म्हणून नाकं मुरडतात, पण मला वाटतं हे पंधरा दिवस नीट वापरले तर त्या खुर्चीची रंगीत तालीमच आहे. वेळ कमी, दडपण जास्त, आणि तरीही परंतुक सुटता कामा नये.

बरं, जुनं विसरूनही चालत नाही. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागते, आणि तेव्हा प्रलंबित असलेले खटले जुन्याच प्रक्रियेने चालतात. ४२० अजून कित्येक वर्षं आमच्या कोर्टात राहणार आहे. (मराठी बोलण्यात तर कायमचाच!)

या गदारोळात दिवाणी बाजू अनाथ झालीय. सगळे फौजदारीच्या मागे. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता, मालमत्ता हस्तांतरण, करार, विनिर्दिष्ट अनुतोष, मुदतीचा कायदा, हे सगळं जागच्या जागी आहे आणि गुणही तिथे आहेत. मुदत कायद्याचं कलम ५ घ्या. विलंब माफीची तरतूद, अपिलाला आणि अर्जाला. दाव्याला नाही. वकिली करणारेही गडबडीत इथे पाय घसरून पडतात. भाचीला मी म्हटलं, रोज दुपारी एक तास फक्त हे. ती म्हणाली, "मामा, ते मला येतं." येतं म्हणतो तेच आधी विसरतो, असा माझा अनुभव. पण ऐकलं तिने.

आता घरातला वाद. बहिणीचं म्हणणं, पोरीने कोर्ट बंद करून पंधरा दिवस दार लावून बसावं. माझं मत उलट. चार वर्षं ती एका सिनिअरकडे आहे, दिवसभर कोर्ट आणि रात्री वाचन. पूर्वपरीक्षेला याचा थेट उपयोग कमी आहे, मान्य. पण ज्याने मनाई अर्जावर 'से' दाखल होताना पाहिलाय, पुरसिस दिलीय, उलटतपासणीत साक्षीदार फिरताना पाहिलाय, त्याला आदेश ३९ किंवा पुराव्याचं कलम पाठ करावं लागत नाही, ते चेहऱ्यासकट आठवतं. शेवटचे पाच दिवस सुट्टी घ्यावी, त्याआधी निदान सकाळचा बोर्ड करून यावं.

२० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली (१९९३ ची, २००२ मध्ये काढलेली), तेव्हा आमच्या बाररूममध्ये दोन तट पडले होते. मी अटीच्या बाजूचा. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. ज्युनिअरच्या हातावर जे पैसे टेकवले जातात त्यात तीन वर्षं काढणं प्रत्येकाला परवडत नाही, आणि मुलींच्या घरी तर त्याच तीन वर्षांत स्थळं यायला लागतात. अट योग्य आहे म्हणणाऱ्या सिनिअरांनी आधी ज्युनिअरला नीट पैसे द्यावेत. हे वाचून काही जण रागावतील. असो.

नातेवाईकांना एक विनंती. परीक्षेच्या आदल्या दिवशी शुभेच्छांचे फोन नकोत. दुसऱ्या दिवशी "कसा गेला?" तर मुळीच नको. उत्तरतालिका येईपर्यंत तिलाही नीट माहीत नसतं.

तक्ता मी भिंतीवरून काढायला लावला नाही, तिच्या आईनेच काढला. जेवण झालं की बेअर अ‍ॅक्ट हातात घेऊन ती एकेक कलम मोठ्याने वाचते, मध्येच थांबते आणि पुढचा शब्द पोरीला विचारते. कायद्याचा गंध नसल्यामुळे ती एकही शब्द गाळत नाही, स्पष्टीकरणं आणि परंतुकं सुद्धा. परवा मला फोन करून विचारत होती, "अरे, हे 'परंतु' आलं की आधीचं सगळं रद्द का?" सगळं नाही, तेवढंच, म्हटलं. मग भाचीने फोन घेतला. १८७ अजून व्हायचं आहे म्हणे, ते रविवारी सकाळी ठेवलंय.