शिटीआधीची दोन मिनिटे

गेल्या वर्षीच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामन्यातला प्रसंग. दोन्ही संघ रेषेवर उभे होते. पंच एकेकाचा बूट उलटा करून स्टडवरून अंगठा फिरवीत होते, हात पाहत होते, पायमोज्यांवरून नडगी चाचपत होते. आमच्या बचाव फळीतल्या एकाला त्यांनी हातातले कडे काढायला सांगितले. "सर, आजीने नवसाचे घातले आहे, वर चिकटपट्टी लावतो," तो म्हणाला. पंचांनी नकारार्थी मान हलविली. दुसऱ्या एकाच्या पायमोज्यात शिनगार्ड नव्हते. पहिल्याने कडे काढून सरांजवळ दिले व तो खेळला. दुसरा बाकावर जाऊन बसला. त्याच्या जागी मी उतरलो, कारण माझ्याजवळ शिनगार्ड होते. तो माझ्यापेक्षा कितीतरी चांगला खेळतो.

सामना हरल्यावर आम्ही सर्वांनी पंचांना मनसोक्त शिव्या घातल्या. "हे काय पोलीस आहेत झडती घ्यायला?" असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. आज मला प्रामाणिकपणे वाटते की आमचा राग चुकीच्या माणसावर होता.

बुटाखाली काय आहे, हा प्रश्न या खेळाच्या जन्मापासूनचा आहे. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने जे तेरा नियम केले, त्यांतला शेवटचा नियम बुटांना बाहेर आलेले खिळे व लोखंडी पट्ट्या लावण्यास बंदी करणारा होता. कारण उघड आहे. बूट माझा असला तरी जखम समोरच्याला होते. झिजलेल्या स्टडची धार लांबून दिसत नाही, म्हणून पंचाला अंगठा फिरवावा लागतो.

कधी जखम स्वतःलाही होते. डिसेंबर २००४ मध्ये स्वित्झर्लंडमधील सर्व्हेट संघाचा पाउलो डिओगो गोलच्या आनंदात मैदानाच्या कुंपणावर चढला. उडी मारताना बोटातली लग्नाची अंगठी जाळीत अडकली आणि बोटच तुटले. ती अंगठी शिटीआधी कोणी उतरवायला लावली असती तर?

"मग श्रद्धेचे काय?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. जून २०११ मध्ये जॉर्डनमध्ये ऑलिंपिकच्या पात्रता सामन्याच्या वेळी इराणच्या मुलींना डोक्यावरील वस्त्रामुळे खेळू दिले नाही. सामना त्यांच्या हातून गेला. पुढे २०१२ साली अशा वस्त्रांना प्रयोगादाखल परवानगी मिळाली व २०१४ साली ती कायम झाली. यावरून मी एवढेच शिकलो की नियमाने "हे कोणत्या धर्माचे?" असे विचारू नये, "याने इजा होईल का?" एवढेच विचारावे. वस्त्राने ती होत नसेल तर ते राहू द्यावे. लोखंडी कड्याने ती होते. मग ते नवसाचे असो की हौसेचे, उतरलेच पाहिजे.

पण मित्रहो, माझ्या मनाला खरा चटका लावतो तो दुसरा मुलगा. कडे काढायला पैसे लागत नाहीत. शिनगार्ड घालायला लागतात. १९९० पासून नियमात शिनगार्ड सक्तीचे आहेत, आणि ते योग्यच आहे. नडगीवर बसलेली लाथ ज्याने खाल्ली आहे त्याला हे सांगायला नको. परंतु ज्या घरात बूटच उसने आणावे लागतात, तिथल्या मुलाने हा नियम पाळायचा कसा? पंचांनी आपले काम केले. आपण आपले केले नाही. माझे शिनगार्ड त्याला देऊन मी बाकावर बसू शकलो असतो. ते मला सुचले नाही. खरे सांगायचे तर मी ते सुचू दिले नाही.

म्हणून जिमखाना समितीला माझी नम्र सूचना आहे. करंडकांच्या कपाटाला नवी काच बसविण्याआधी शिनगार्डचे अकरा जोड विकत घ्यावेत. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी कर्णधाराने सर्वांचे बूट, हात व नडग्या स्वतः तपासाव्यात. मग दुसऱ्या दिवशी पंच समोर आले की कोणाला मान खाली घालावी लागणार नाही, आणि चांगला खेळाडू बाकावर बसून माझ्यासारख्याचा खेळ पाहणार नाही.