आधी छत, मग जमीन



परवा आमच्या पाचवीच्या वर्गात मी विचारलं, "घर बांधताना आधी काय करतात?" सगळे ओरडले, "बाई, पाया!"

पण अजिंठ्याचं भिक्खूंचं घर बांधलेलं नाही, डोंगरात कोरलेलं आहे. तेही आधी छत, मग जमीन! अर्धवट राहिलेल्या २४ नंबरच्या लेण्यात हे काम आजही बघायला मिळतं. छिन्नीचा घाव चुकला, की तुटलेला दगड परत जोडता येत नाही. किती जपून कोरलं असेल!

वाघूर नदीच्या वळणावर, गावांपासून दूर ही लेणी आहेत. पावसाळ्यात भिक्खू इथं मुक्काम करत. १२ नंबरचं लेणं दोन हजार वर्षांचं. मधे मोठा चौक, तीन बाजूंना बारा खोल्या, प्रत्येक खोलीत झोपायला दोन दगडी ओटे. १६ नंबरचं लेणं पाचव्या शतकात वराहदेवानं कोरवून घेतलं. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. या वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या हिंगोलीपलीकडचं वाशीम!

पुढं लेणी रानात झाकली गेली. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि त्याला ती दिसली. १० नंबरच्या लेण्यात त्यानं चक्क चित्रावर आपलं नाव कोरलं! साचलेल्या मातीच्या ढिगावर तो उभा होता, म्हणून ते नाव आज उंचावर दिसतं. दोनशे वर्षं झाली, ओरखडा तसाच आहे.

बाकावर कर्कटकानं नाव कोरणाऱ्यांनो, सहलीला जाताना कर्कटक घरीच ठेवाल ना?

तुमच्या बाई, हदगाव