ब्रॅडलीने दाखवलेली हिंमत

शाळेत खेळ शिकवताना अमेरिकन फुटबॉलपटू जॉनी ब्राइटची छायाचित्रे मी मुलांना आवर्जून दाखवतो. 20 ऑक्टोबर 1951, स्टिलवॉटर, ओक्लाहोमा. चेंडू सोपवून ब्राइट लांब उभा, आणि यजमान खेळाडूचा फटका थेट जबड्यावर! सात मिनिटांत तो तीनदा बेशुद्ध पडला; तरी मोडक्या जबड्यानिशी त्याने टचडाउनचा पास टाकला. कृष्णवर्णीय असणे, एवढाच त्याचा गुन्हा. छायाचित्रकारांना पुलित्झर मिळाले. दोन्ही संघ ज्या विद्यापीठीय क्रीडासंघटनेत होते, त्या मिझुरी व्हॅली कॉन्फरन्सने मात्र कुणावरही कारवाई केली नाही. त्याचे ड्रेक विद्यापीठ कॉन्फरन्समधून बाहेर पडले, ते स्वाभाविकच. पण त्या सामन्याशी संबंध नसलेले ब्रॅडली विद्यापीठही पाठोपाठ निघाले. माझ्या लेखी त्या हंगामाचा करंडक ब्रॅडलीचा. यजमान विद्यापीठाने दिलगिरी कळवली 2005मध्ये. ब्राइट 1983मध्येच गेला होता.