भृगू तलाव : अंतर छोटं, उंची मोठी

मे महिना आला की दवाखान्यात फिटनेस सर्टिफिकेट मागायला मंडळी येतात. "डॉक्टर, मनालीला चाललोय. एका दिवसात भृगू तलाव करून परत येणार. छोटासाच ट्रेक आहे." ईसीजी नॉर्मल, बीपी ठीक, मग सही करायला काय हरकत?

हरकत 'छोटासाच' या शब्दाला आहे. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आणि भृगू तलाव ४,२०० मीटरच्या वर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे मुंबई-पुण्याहून पोचून दुसऱ्याच दिवशी रोहतांगच्या रस्त्यावरच्या गुलाब्यापर्यंत गाडीने जायचं आणि तिथून चढायला लागायचं, हा बेत पायांना झेपला तरी फुफ्फुसांना आणि मेंदूला झेपेलच असं नाही.

तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के उरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला काही दिवस लागतात. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही ही सवलत नाही. उलट तरुण, दणकट गडी भराभर चढतात आणि डोकं दुखलं तरी ग्रुपसमोर बोलत नाहीत. मला काळजी त्यांचीच जास्त वाटते.

संध्याकाळी खाली झोपायला येत असाल तर वर मुक्काम करण्यापेक्षा धोका कमी, हे खरं. पण शून्य नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मनालीत किमान दोन रात्री काढल्याशिवाय हा ट्रेक करू नका. सहलीत तेवढे दिवस नसतील तर सोलंगला जा, पराशर तलाव बघा. तोही सुंदर आहे आणि २,७३० मीटरवरच आहे.

आता कापराबद्दल. रुमालात कापूर बांधून हुंगत चढणारे बरेच दिसतात. वासाने तरतरी येत असेल, पण रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. बरं वाटल्यामुळे माणूस चढत राहतो, हा तोटाच. ॲसिटाझोलामाइड ही गोळी उपयोगी आहे, पण ती आदल्या दिवशी सुरू करावी लागते. तिने बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी विचारावंच लागतं. मित्राच्या पाकिटातली घेऊ नका. मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी निघण्याआधी दोन आठवडे तरी येऊन भेटा, आदल्या संध्याकाळी नको.

डोकेदुखी, मळमळ, भूक नसणं, यापैकी काही जाणवलं तर तिथेच थांबा. बरं वाटेना तर उतरा. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला येत असेल, चालताना झोक जात असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर थांबायचंही नाही. त्याला लगेच खाली आणायचं, ऑक्सिजन असेल तर लावायचा, आणि एकट्याला कधीच पाठवायचं नाही. संशय आला तर जमिनीवरच्या सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालायला सांगा. तोल जात असेल तर तलाव अर्ध्या तासावर असला तरी मागे फिरा.