महाराणींचा फोटो लावायचा का?

८ मार्चच्या प्रदर्शनासाठी फोटो निवडताना आमच्या गटात वाद झाला. एका मैत्रिणीने जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींचे फोटो आणले होते. त्यात इंग्रज छायाचित्रकार सेसिल बीटनने काढलेलाही होता. "राजेरजवाड्यांचं कौतुक आपण कशाला करायचं?" एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, "पण दिसते किती सुंदर!" झालं! पुढची पंधरा मिनिटं आम्ही चळवळीतल्या बायका शिफॉनच्या साडीबद्दल बोलत होतो. मीसुद्धा.

२००९ साली त्या वारल्या, तेव्हा मी वाचलेल्या मृत्युलेखांतही रूप आधी होतं, बाकीचं मागाहून. बाकीचं म्हणजे काय? पडद्यातल्या सरदार घराण्यांतल्या मुलींसाठी १९४३ साली काढलेली शाळा. १९६२ साली स्वतंत्र पक्षातर्फे लोकसभेवर विक्रमी मताधिक्याने निवड. १९७५ साली, आणीबाणीत, तिहारचा तुरुंग. हे काही शिफॉनच्या फोटोत दिसत नाही.

आणखीही एक दिसत नाही. गायत्रीदेवी सवाई मानसिंगांच्या तिसऱ्या पत्नी. आधीच्या दोघी, मरुधर कंवर आणि किशोर कंवर, जोधपूरच्या, नात्याने आत्या-भाची. दोघींचं आयुष्य पडद्यात गेलं. त्यांचे चेहरे आपल्यापैकी कितीजणींना आठवतात? त्याच नवऱ्याची एक बायको बीटनच्या कॅमेऱ्यासमोर बसते आणि दोघी जनान्यात. तिघींपैकी कोणाला उजेडात आणायचं, हे ठरवणारा कोण होता ते सांगायला नकोच.

गंमत म्हणजे गायत्रीदेवींच्या आई, बडोद्याच्या सयाजीरावांची लेक इंदिराराजे. ग्वाल्हेरच्या विवाहित शिंद्यांशी ठरलेलं लग्न तिने स्वतः मोडलं आणि १९१३ साली आपल्या पसंतीने कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केलं. सवतीवर जायचं तिने नाकारलं. लेक मात्र दोन सवतींवर गेली, तीही प्रेमाने, स्वतःच्या मर्जीने. त्यासाठी मी तिला दोष देणार नाही. पण 'मर्जी' हा शब्द मला तेव्हापासून सोपा वाटेनासा झालाय.

माझं मत असं, की फोटो लावावा. खाली 'सौंदर्यवती महाराणी' असं मात्र लिहू नये. शाळा, निवडणूक, तिहार लिहावं, आणि शेजारी मरुधर कंवर व किशोर कंवर यांची नावं ठळक अक्षरांत. तक्त्यावर जागा पुरली नाही, तर बीटनचा फोटो लहान करू.