गंज काढावा, खूण ठेवावी

परवा दौलतगंजातील एका जुन्या घरातले गृहस्थ किला गेटला आमच्याकडे आले. त्यांची मुलगी माझ्याकडे गाणे शिकते, तेव्हा तिच्या परीक्षेविषयी काही बोलणे असेल असे मला वाटले. पण त्यांनी पिशवीतून रेशमी रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्यापुढे ठेवली. तो वस्तरा होता. "आमच्या आजोबांचा आहे, गुरुजी. असा चकचकीत करून द्या की दिवाणखान्यातल्या कपाटात नवा दिसला पाहिजे."

गाण्याच्या शिक्षकाकडे वस्तरा कशासाठी, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर तंबोऱ्यात आहे. माझे वडील दरबारी गवई. आपल्या तंबोऱ्याची जवारी ते दुसऱ्या कोणाला काढू देत नसत. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडून ऐकायचे, पुन्हा फिरवायची. केसभर अधिक घासले गेले की तंबोरा मुका झालाच. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. डोळे त्यांना साथ देईनात तेव्हा ती कानस माझ्या हाती आली. पुढे आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या एका वृद्ध नाभिक उस्तादांनी धंदा बंद केला, तेव्हा आपली धोकटी त्यांनी मला देऊन टाकली आणि तिच्यातल्या हत्यारांना धार कशी लावायची हेही दोन हिवाळे ओसरीवर बसून शिकविले. तेव्हापासून शिकवणी आटोपली की मी निसणा घेऊन बसतो.

वस्तरा दिसतो साधा, पण त्याची घडण मोठी विचारपूर्वक केलेली असते. पाठ जाड आणि दोन्ही अंगे आत खोलगट घासलेली. पाते निसण्यावर आडवे ठेवले की पाठ आणि धार एकदमच दगडाला टेकतात आणि १६-१७ अंशांचा कोन आपोआप साधतो. कारागिराने हात तेवढा हलका ठेवायचा. दगडावर धार पुढे ठेवून पाते न्यायचे. चमोट्यावर मात्र पाठ पुढे, नाहीतर चामडेच कापले जाते. जुन्या कानशींच्या पोलादातून मी तीन नवे वस्तरेही घडविले. लोहचुंबक चिकटेनासे होईतो पोलाद तापवायचे, कोमट तेलात बुडवून त्याला पाणी द्यायचे आणि पुन्हा मंद आचेवर वाळल्या गवताचा रंग येईपर्यंत शेकायचे. शेक कमी पडला तर धार चुरते, जास्त झाला तर टिकत नाही. तीनांपैकी दोन वाकडे निघाले. तिसऱ्याने मी रविवारी दाढी करतो. पातळ पाते गालावरून फिरताना बारीक गुणगुणते, आणि गवयाच्या मुलाला ते ऐकावेसे वाटते.

माझ्याकडे येणारे बहुतेक वस्तरे इंग्लंडातील शेफील्डचे किंवा जर्मनीतील सोलिंगेनचे असतात. शेफील्डच्या पोलादाची कीर्ती बेंजामिन हंट्समन याने अठराव्या शतकाच्या मध्यास मुशीत पोलाद वितळविण्याची रीत बसविली तेव्हापासूनची. १९०३ साली जिलेट यांचा बदलत्या पात्याचा रेझर विक्रीस आला आणि हळूहळू घरोघरचे वस्तरे पेट्यांच्या तळाशी गेले. दुकानांतून ते पुष्कळ उशिरा उठले. १९८६ साली आपल्या देशात एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले. त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते घेण्याची रीत रूढ होत गेली. हे योग्यच झाले. जुना वस्तरा हौसेने वापरावयाचा असेल त्याने तो आपल्यापुरताच वापरावा.

आता चकचकीतपणाविषयी. अलीकडे जुनी वस्तू सापडली की ती फिरत्या चाकावर धरून आरशासारखी करण्याची चाल पडली आहे. वस्तऱ्याच्या बाबतीत ही शुद्ध हानी होय. चाकावर पाते तापते, निळे पडते आणि त्याचे पाणी उतरते. कारखान्याचा ठसा पुसट होतो तो वेगळाच. तांबडा गंज पोलाद खातो, तो तेलाने आणि बारीक कागदाने अवश्य काढावा. काळसर डाग मात्र वयाचा असतो. तो राहू द्यावा. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बोटांनी पडलेली झिलई कोणी खरवडून काढतो का?

त्या गृहस्थांचा वस्तरा मी उजेडात धरला. पाते रुंदीला निम्मे उरले होते. एका माणसाच्या दाढीने पाते इतके झिजत नाही. ती झीज रोजच्या दहा-वीस माणसांची. शिंगाच्या मुठीवर चाकूने पाडलेल्या दोन खाचा होत्या. आपले हत्यार ओळखू यावे म्हणून कारागीर अशा खाचा पाडतात. मी म्हटले, "हा आजोबांचा नसावा. आजोबांची श्मश्रू करणाऱ्याचा असावा." ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "येत असे एकजण. नाव मात्र घरात कोणाला ठाऊक नाही."

हे मी दुसऱ्याच्या घरावर बोट ठेवण्यासाठी लिहीत नाही. आमच्या घरीही दरबाराच्या दिवशी पहाटे वडिलांची दाढी करावयास नाभिक येत. वडिलांच्या गळ्याच्या तयारीचे कौतुक साऱ्या शहराने केले. त्याच गळ्यावरून वर्षानुवर्षे वस्तरा फिरवून ज्याने एकदाही रक्त काढले नाही, त्याच्या हाताच्या तयारीला आम्ही नुसती सवय म्हणालो. गवयाला बैठक होती. तो ओसरीच्या पायरीवर बसे. त्याचे नाव मलाही ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या जुन्या घरांतून बोलली जात नाही. आमच्या पणजीचा एकच फोटो आहे. त्यात ती आलवणात आहे, पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिच्यासाठी वस्तरा पुढच्या दाराने येत नसे. मागच्या दाराने परसात येई. पोलादाने दोन्ही कामे सारख्याच निमूटपणे केली. पण ते धरणारे हात सगळेच निमूट राहिले नाहीत. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असा ठराव तिने केला. ज्यांचे पोट वस्तऱ्यावर, त्यांनीच तो खाली ठेवला. शिकलेली घरे शास्त्रार्थ करीत असता हे धैर्य पायरीवर बसणाऱ्यांनी दाखविले, याची आठवण आपल्या दिवाणखान्यांना असावयास हवी.

म्हणून माझे मत असे की जुनी वस्तू दुरुस्त करणे म्हणजे तिला निरपराध करणे नव्हे. कपाटात आरशासारखा वस्तरा ठेवला तर त्यात आपल्याला आपलेच तोंड दिसेल. झिजलेला ठेवला तर ज्याच्या हाताने तो झिजला तो माणूस दिसेल, आणि कदाचित ज्या डोक्यांवरून तो फिरला तीही.

मी पात्याचा गंज काढला, खिळा घट्ट केला, धार लावली. काळा डाग आणि खाचा ठेवल्या. आठ दिवसांनी ते गृहस्थ आले. वस्तरा उलटसुलट पाहून म्हणाले, "चकचकीत नाही झाला." मी म्हटले, "नाही." त्यांनी तो रुमालात गुंडाळला. जाता जाता दारात थांबून म्हणाले, "आमच्या आत्याबाई नव्वदीच्या आहेत. त्यांना विचारून पाहतो, त्यांना नाव आठवते का."

एवढे झाले तरी माझी मजुरी पोचली.